चारी खोल्यांत एकदम

रोह्याशेजारच्या अष्टमी गावात हरेशचं घर कुणी विचारलं तर शेजारची सगुणा सांगायची, "ज्या घरातून काय पण ऐकू येत नाय ना, तेच." आत माणसं राहत होती, स्वयंपाक होत होता, अधूनमधून भांडणंही होत होती, पण सगळं कुजबुजत. कारण हरेश पुलापलीकडे धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता आणि त्याला नाईट असायची. नाईट तीन आठवड्यांतून एकदाच यायची हे खरं. पण घराला एकदा गप्प बसायची सवय लागली की फर्स्ट शिफ्ट काय आणि सेकंड काय, सगळं सारखंच.

लग्न होऊन नम्रता या घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात हरेशने तिला समोर बसवून सांगितलं होतं, "नाईटवाल्याची झोप म्हंजे काचेचं भांडं. फुटली की फुटली." नम्रताने ते काचेचं भांडं नऊ वर्षं जपलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ती गॅस बंद करायची, आणि डाळ कच्ची राहिली तर रवीने घोटून वेळ मारून न्यायची. पैंजण पेटीत गेले. देवापुढची घंटा वाजवताना ती आतला लोलक दोन बोटांत धरायची. देवाला शिफ्टचं वेळापत्रक कळलं असावं, त्याने कधी तक्रार केली नाही. दूधवाला आणि भाजीवाली खुणांनी व्यवहार करायला शिकले. घरात मूल नव्हतं; असतं तर हरेशने त्याच्याही रडण्याला शिफ्ट लावून दिली असती.

या घरात एकच आवाज माफ होता, हरेशच्या गजराचा. साध्या गजराने त्याला जाग येत नसे. कोंबडा, भूपाळी, रेल्वेचा हॉर्न, सगळे प्रयोग झाले होते. शेवटी त्याने कंपनीतल्या मॉक ड्रिलच्या वेळी गेटबाहेर उभं राहून सायरन मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि तोच गजराला लावला. गॅस सुटला की वाजतो तो सायरन. नाईटच्या आठवड्यात संध्याकाळी चारला उशीखाली तो दबक्या आवाजात कण्हू लागला की हरेश ताडकन उठून बसायचा. "सायरनबिगर आपल्याला जागच येत नाय," हे तो चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचा. आणि घरी झोपायला जाताना बायकोच्या बांगड्यांकडे संशयाने बघायचा.

नम्रता मूळची हमरापूरची, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. तिथे रंगाच्या फवाऱ्याचा कंप्रेसर दिवसभर धडधडायचा, कोपऱ्यात गाणी लावलेली असायची, आणि त्या दोन्हींच्या वरताण बायका या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारायच्या. तिची आई काशीबाई या गप्पांची मुकादम. तिने सहज "मीठ दे गो" म्हटलं तरी चार घरांतून मीठ यायचं. नम्रताचा गळाही तसाच होता. गौरीच्या फेराला पहिली ओळ तीच धरायची आणि तिची ओळ वेशीपर्यंत जायची. आता ती ओळ कुठे गेली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

नम्रताचे वडील गेल्यावर कारखाना काशीबाईच्या पुतण्याने घेतला. पुतण्या कर्तबगार निघाला. त्याने धंदा वाढवला, शेड वाढवली आणि शेवटी काशीबाईच्या खोलीत मूर्तींचे साचे रचून ठेवले. गणपतींची राहायची सोय झाली, काशीबाईची गेली. दोन मुलींपैकी एकीकडे जाऊन राहणं भाग होतं. धाकटी प्रणिता पेणला, नव्या इमारतीतल्या मोठ्या फ्लॅटमध्ये. तिचा नवरा आदेश जागा-जमिनीचे व्यवहार करायचा. थोरली नम्रता अष्टमीला, या मुक्या घरात.

नम्रताला आई हवी होती. अगदी मनापासून, हट्टाने हवी होती. दिवसभर भिंतींकडे बघून ती कंटाळली होती आणि तिला बोलायला माणूस पाहिजे होतं. पण मागच्या वेळी काशीबाई राहायला आली ती तिसऱ्या दिवशी पिशवी भरून परत गेली होती. जाताना तिने मुलीला विचारलं होतं, "खरं सांग गो, कुनी मेलाय काय या घरात?"

हे सगळं नम्रताने हरेशला सांगितलं. कुजबुजत, पण स्पष्ट सांगितलं. "अवो, आईला शांतता सोसत नाय. तिला बोलता-चालतं घर लागतं. तुमच्या झोपेचं काय तरी बघाल का?"

हरेशने मान डोलावली. बायको काय म्हणते ते नवऱ्याच्या कानात शिरेपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी होतं. त्याला एवढंच कळलं की सासूला घरात आवाज पाहिजे.

त्यात दिवाळीत ते दोघं पेणला आदेशकडे जेवायला गेले. आदेशने घरभर गाण्याची यंत्रणा बसवून घेतली होती. मुंबईहून माणसं आली होती, भिंती फोडल्या होत्या, छतात गोल जाळ्या बसवल्या होत्या. पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायच्या आधी आदेश तिची किंमत सांगायचा. "साडूभाऊ, तुम्ही हॉलमधनं उठा आणि किचनमध्ये जा. गाणं तुमच्या मागनं येतं का नाय बघा." हरेश उठला. गाणं मागून आलं. तो बेडरूममध्ये गेला, तिथेही तेच गाणं, त्याच ओळीवर. तो बाथरूममध्ये जाऊन कडी लावून उभा राहिला, तिथेही गाणं होतं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

परतीच्या वाटेवर नागोठण्याजवळ त्याने मोटारसायकलचा वेग कमी केला. मग मान वळवून म्हणाला, "हे असं आपण फुकटात करू. आईंना घरभर आवाज पाहिजे ना? देतो."

"अवो, मी बोलायचं म्हणत होते," नम्रता मागून म्हणाली. पण वारा होता, आणि तिचा आवाज कुणाच्या कानापर्यंत जाण्याच्या लायकीचा राहिला नव्हता.

मग आठवडाभर घरात प्रयोगशाळा झाली. हरेशने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता: जुने मोबाइल फेकू नका, प्रत्येक खोलीत एक ठेवा, त्याला वायरने स्पीकर जोडा, एक फुकटचं ॲप टाका, आणि एका फोनला सगळ्यांचा मालक करा. मालक जे वाजवेल ते बाकीचे वाजवणार. कल्पना चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. त्याने नातेवाइकांकडून फुटक्या काचेचे तीन मोबाइल गोळा केले. मोडक्या टीव्हीचे स्पीकर उचकटले. एक स्पीकर मंडपवाल्या मित्राने दिला. त्यातून कधीकाळी लग्नात सूचना दिल्या गेल्या असणार, तो सुरू होताच आधी "हॅलो" म्हणेल असं वाटायचं. हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि मागची खोली, चारी ठिकाणी वायरी लोंबू लागल्या. स्वयंपाकघरातला फोन पिठाच्या डब्यामागे गेला.

पहिल्याच दिवशी अडचण आली. हॉलमधलं गाणं पुढे आणि स्वयंपाकघरातलं मागे. हॉलमध्ये कडवं संपून धृपद आलं तरी पिठाच्या डब्यामागचा गवई आधीच्या ओळीलाच चिकटलेला. मधल्या दारात उभं राहिलं तर दोन्ही कानांत दोन भजनी मंडळं भांडत होती. हरेशने ॲपमधले आकडे पुढे केले, मागे केले. नम्रताला त्याने दारात उभं केलं.

"आता?"

"मागं हाय," नम्रता पुटपुटली.

"आता?"

"आता पुढं गेलं."

"अगो, जरा मोठ्यानं सांग ना! ऐकू येत नाय."

नऊ वर्षांत हरेशने हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं. नम्रता त्याच्याकडे बघतच राहिली. पण त्याच्या काही ध्यानात आलं नाही, त्याचा जीव त्या आकड्यांत अडकला होता.

शनिवारी संध्याकाळी चारी खोल्यांतलं गाणं एकाच ओळीवर आलं. हरेश घराच्या मधोमध डोळे मिटून उभा राहिला. "बघ. आवाज कुठनं येतो तेच कळता कामा नये. हीच तर खरी मजा," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान नम्रताने लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. तिलाही बरं वाटलं. निदान माणूस तिच्या आईसाठी खपला होता, चुकीच्या दिशेने का होईना.

रविवारी प्रणिता आणि आदेश काशीबाईला गाडीतून घेऊन येणार होते. जेवायचं, बसायचं, आणि संध्याकाळी काशीबाईने ठरवायचं. इथे राहणार असली तर गाडीच्या डिकीतली पिशवी खाली उतरायची. नसली तर पिशवी आणि काशीबाई, दोघी पेणला.

सकाळीच कंपनीतून फोन आला. सेकंडचा माणूस तापाने पडला होता, हरेशने दुपारी यावं. हरेशला शिफ्टचं दुःख नव्हतं, दुःख यंत्रणेचं होतं. मालक म्हणून त्याने स्वतःचा नवा मोबाइल ठेवला होता आणि तो त्याच्याबरोबर जाणार. तिथेही तो आत न्यायची परवानगी नव्हती; गेटवर सिक्युरिटीच्या पेटीत ठेवायचा. मग इकडे गाणी वाजवणार कोण? त्याने कपाटाच्या खणातून स्वतःचा जुना मोबाइल शोधून काढला. वर्षभर तो मेलेल्या अवस्थेत पडला होता. हरेशने त्याला चार्जर लावून जिवंत केलं, मालकपद दिलं आणि कुणाचा हात लागू नये म्हणून माळ्यावर, पाण्याच्या जुन्या टाकीमागे नेऊन ठेवलं. त्या मोबाइलला आणखी काय काय आठवत असेल, याचा विचार करण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता.

पाहुणे आले. आदेशच्या हातात एक खोका होता. "साडूभाऊंसाठी छोटीशी भेट," म्हणत त्याने त्यातून डब्याएवढा गोल स्पीकर काढून टेबलावर ठेवला आणि किंमत सांगितली. "म्हटलं, तुमचा प्रयोग फसला तर निदान एका खोलीत तरी वाजेल."

हरेशने तो टेबलाच्या कडेला सरकवला. त्याने सासूला हॉलच्या मध्यावर खुर्ची दिली आणि स्टूलावर चढून माळ्यावरचं बटण दाबलं. चारी खोल्यांतून एकदम अभंग उसळला. काशीबाईने दचकून चारी दिशांना हात जोडले.

"स्पीकरला बेस नाय," आदेश म्हणाला.

हरेशने आवाज वाढवला. आदेशच्या कपाळावरची आठी जाईना तसा आणखी वाढवला, आणि शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला. काशीबाई मुलीला काहीतरी विचारत होती. तिच्यासारखीचा आवाजसुद्धा त्यात बुडाला. नम्रता जवळ गेली, आईच्या तोंडाशी कान नेला, तरी कळेना. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या माना हलवत राहिल्या. घरात आता भरपूर आवाज होता, आणि बोलणं मात्र पहिल्याइतकंच बंद.

जेवण झालं. हरेशने डबा घेतला, सासूच्या पाया पडला. "आई, मी नसलो तरी गाणी चालू राहतील. काळजी करू नका," म्हणाला आणि मोटारसायकलवर बसून पुलाकडे गेला. तो गेला आणि थोड्या वेळाने अभंगही संपले. पुढची गाणी लावायची तो विसरला होता. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं.

नम्रताने सुपारी कातरली. प्रणिता मोबाइल बघत होती. आदेश जेवून आडवा झाला होता. नम्रता आईशेजारी सरकून बसली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "आई, वरनाला मीठ कमी नव्हतं ना?"

काशीबाईने तिच्याकडे वळून पाहिलं. "जावय गेला ना गो कामावर?"

"गेले ना."

"घरात कोन झोपलाय?"

"कुनी नाय. हे आदेशराव जरा पडलेत..."

"मंग माझ्या कानात काय कुजबुजतंस? चोरी केलीस काय?"

नम्रताने बोलायला तोंड उघडलं. आवाज मोठा काढायचा म्हणून तिने घसा खाकरला, पण जो निघाला तो पुन्हा तोच, बारीक, भिंतीला धरून चालणारा. तिला स्वतःची लाज वाटली आणि रडू आलं. काशीबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्रणिताकडे बघून म्हणाली, "पिशवी असू दे गाडीतच. मला हितं गुदमरल्यासारखं होतं."

नम्रता उठून स्वयंपाकघरात गेली. आई जाणार होती. पुन्हा त्याच भिंती, तेच घर, आणि कच्ची डाळ घोटणं. तिने चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून डोळे पुसत राहिली. हॉलमधल्या घड्याळात चार वाजले.

आणि सायरन झाला.

आधी खोल, मग चढत चढत, कानाच्या आत घुसणारा. हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, मागे, पुढे, वरून, खालून. कुठून येतोय ते कळायला मार्ग नव्हता. अष्टमीत राहणाऱ्या माणसाला या सायरनचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. मुलांना पाढे यायच्या आधी तो येतो. ओला फडका नाकाला लावायचा, वारा बघायचा आणि पळायचं. शेजारून सगुणाची किंकाळी आली, "गॅस सुटला रे! गॅस!" दारं उघडली, पत्रे वाजले, गल्लीतून पावलं धावू लागली. वारा कुणीच बघितला नाही. जो तो कंपनीकडे पाठ करून निडीच्या रस्त्याला लागला.

आदेश झोपेतून उठला तो सरळ उभाच. त्याने एका हाताने गाडीची चावी घेतली, दुसऱ्या हाताने टेबलावरचा गोल स्पीकर उचलला, आणि "प्रणिता, चल!" एवढं ओरडून बाहेर पडला. प्रणिता त्याच्या मागे. गाडीची दारं आपटली, गाडी सुटली. काशीबाई एका पायात चप्पल घालून दारात उभी होती. डिकीतली तिची पिशवी मात्र वेळेवर सुरक्षित स्थळी निघाली.

नम्रताने टॉवेल पाण्यात बुडवला होता. त्याचे दोन तुकडे करून एक आईच्या नाकाला लावायचा, तिला सगुणाच्या हाती द्यायचं, हे सगळं तिला पाठ होतं. तिने आईच्या हातात टॉवेल दिला आणि तिथेच थबकली. हरेश आत होता. जिथून गॅस सुटतो, तिथेच. तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. गेटवरच्या पेटीत ती वाजत असणार आणि तिथली माणसं पळून गेली असणार. तिने पुन्हा लावला. मग फोन तसाच मुठीत धरून ती अनवाणी बाहेर पडली आणि पळू लागली.

अख्खी गल्ली निडीकडे पळत होती. नम्रता उलटी, पुलाकडे. सगुणा तिला आडवी आली, तिने तिला ढकललं. या माणसाचा तिला राग होता, त्याच्या झोपेचा राग होता, त्याच्या वायरींचा राग होता, आणि त्याला काही झालं तर आपण काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. तिचं तोंड उघडलं आणि आतून जे निघालं ते कुणाला विचारून निघालं नाही.

"हरेश! हरेश!"

नवऱ्याचं नाव तिने आजवर फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही लाजत. आता ते नाव गल्लीभर गेलं, रस्त्यावर गेलं, पुलावर गेलं. पळणारे लोक पळता पळता मागे वळून बघू लागले. पुलाच्या मध्यावर येईपर्यंत ती ओरडत होती.

पुलावर रविवार होता. एक म्हातारा कठड्यावरून कुंडलिकेत गळ टाकून बसला होता. रोह्याकडून एक जोडपं मोटारसायकलवरून सावकाश येत होतं, बाईच्या हातात केळ्यांचा घड होता. नम्रता त्यांच्या आडवी गेली.

"गॅस... कुठल्या कंपनीत सुटला?"

"कसला गॅस?" तो माणूस म्हणाला.

"सायरन झाला ना!"

"सायरन? धाटाववरूनच येतोय आम्ही. कसला सायरन नि काय!"

नम्रताने कान दिला. खाली पाणी वाहत होतं. म्हाताऱ्याने गळ ओढला, त्याला काही लागलं नव्हतं. दुसरा कसलाही आवाज नव्हता. तेवढ्यात हातातला फोन वाजला. गेटवरचा सिक्युरिटी होता.

"वहिनी, हरेशच्या फोनवर लई कॉल आले तुमचे. तो आत हाय. कँटीनला चहा घेत असंल आता. काय निरोप देऊ?"

नम्रता कठड्याला टेकली. "काय नाय," ती म्हणाली. "सुटल्यावर नीट या म्हनावं."

मग तिला उशीखालचं ते कण्हणं आठवलं. आठवला माळा, पाण्याची टाकी, आणि वर्षभर मेलेला, सकाळी जिवंत केलेला तो मोबाइल. सांगायला हरकत नाही, तिने पुलावर उभं राहून नवऱ्याला अशा शिव्या दिल्या की गळवाल्या म्हाताऱ्याने आदराने तिच्याकडे पाहिलं.

वळली तर पुलाच्या तोंडाशी काशीबाई. एका पायात चप्पल, गळ्यात ओला टॉवेल, धापा टाकत उभी. ती निडीकडे गेली नव्हती, मुलीच्या मागे आली होती.

"आई, गॅस-बीस काय नाय गो! यांचा मेल्याचा गजर हाय तो!" नम्रता लांबूनच ओरडली.

काशीबाई खाली रस्त्यावरच बसली. आधी हसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "येवढा आवाज हाय तुझ्यात," ती म्हणाली. "मला वाटलं, गेला. इतकी वर्सं कुठं ठेवलावतास गो?"

दोघी घरी आल्या तेव्हा घर अजून बोंबलत होतं. नम्रताने स्टूलावर चढून तो मालक खाली खेचला आणि त्याचं तोंड बंद केलं. हळूहळू गल्ली परतू लागली. कुणाच्या हातात पोर, कुणाच्या हातात गॅसचं पुस्तक, सगुणाच्या काखेत कुंडीतली तुळस. हरेशच्या नावाने गल्लीने जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नम्रताने ते सगळं दारात उभं राहून ऐकून घेतलं आणि जिथे अगदीच अती झालं तिथे उलट उत्तरही दिलं. तिचा आवाज ऐकून सगुणा दोन पावलं मागे सरली.

आदेशचा फोन आला तेव्हा तो नागोठण्यापर्यंत पोचला होता. "आई कुठे आहेत? तुमच्याबरोबर आहेत ना? आम्हाला वाटलं त्या मागच्या सीटवर आहेत."

काशीबाईने फोन हातात घेतला. "मी हाय रे बाबा, जिथं सोडलीस तिथंच हाय. तू असं कर, आता उलटा फिर. माझी पिशवी डिकीत राहिली, ती उतरवून जा."

हरेश रात्री उशिरा आला तेव्हा घर झोपलं होतं; झाला प्रकार त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीने सांगितला. सगळ्यांनी, एकाच वेळी, हातचं काही न राखता सांगितला. दूधवाल्याने सांगितलं की बायको पुलापर्यंत तुझ्या नावाने ओरडत गेली. हरेश घरात आला, नम्रतासमोर उभा राहिला. त्याला बरंच काही बोलायचं असावं. शेवटी त्याने विचारलं,

"पन... चारी खोल्यांत एकदम वाजला काय? मागं-पुढं नाय ना झाला?"

"एकदम," नम्रता म्हणाली. "जरा पन मागं-पुढं नाय."

त्याने समाधानाने मान हलवली आणि मग, कधी नव्हे ते, अनवाणी पळताना तिच्या पायाला झालेल्या जखमेवर स्वतः हळद लावली.

त्याच दिवसापासून त्याची नाईट लागली. मंगळवारी सकाळी तो आला, न्याहारी केली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. नम्रताने सवयीने गॅस बारीक केला, चमचा फडक्यावर ठेवला. काशीबाई ओट्याशी पाटावर बसून लसूण सोलत होती. ती बराच वेळ मुलीच्या या हालचाली बघत राहिली.

"काय गो," ती म्हणाली, "जावयाला सायरनबिगर जागच येत नाय ना?"

"नाय येत."

"मंग तू कशाला अशी चोरपावलांनी चालतंस?"

नम्रता ओट्यापासून वळली. मग तिने भिंतीवरची मोठी पितळी परात काढली, दाराशी नेली, आणि हात सोडला.

परात शहाबादी फरशीवर आपटली, उभी राहिली, गरगर फिरली आणि घरभर वाजत वाजत आडवी झाली. शेजारून सगुणाचा आवाज आला, "आता काय गो बाय?" नम्रताने दार ढकलून आत पाहिलं. हरेश उताणा पडला होता, तोंड उघडं, आणि शांतपणे घोरत होता.

तिला हसू आलं आणि पाठोपाठ रागही आला. नऊ वर्षं. नऊ वर्षांची कच्ची डाळ, पेटीतले पैंजण, बोटांत धरलेला लोलक. एक परात पाडून बघायची बुद्धी कुणाला झाली नव्हती, तिलाही नाही.

मग तिने कुकर चढवला. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. काशीबाई उठून मागच्या अंगणात धुणं घालायला गेली होती. नम्रताने ओट्यापाशी उभं राहून तिला हाक मारली, पूर्ण गळ्याने, हमरापूरला शेडच्या त्या टोकाला मारायची तशी.

"आई! डाळीला अजून एक शिट्टी काढू काय गो?"

"दोन काढ!" मागून उत्तर आलं.

हरेश कूस बदलून पुन्हा घोरू लागला.